वांग्याच्या बुडाखालचा विषाणू

२०१० साली दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनमध्ये एका विद्यार्थिनीनं सडलेल्या वांग्याच्या बुडाला लागलेला चिखल नमुना म्हणून घेतला आणि तो क्वाझुलू-नाताल विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत नेला. काम साधं होतं. कुठूनही माती आणायची आणि तिच्यात जिवाणूंना मारणारा विषाणू सापडतो का ते बघायचं. तिला सापडला. त्याचं नाव पडलं ‘मडी’. आपल्याकडे ‘चिखल्या’ म्हटलं असतं. नोंद झाली आणि नमुना शीतपेटीत गेला. आठ वर्षांनी लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयात, डॉक्टरांचे सगळे उपाय थकलेल्या एका मुलीच्या शिरेतून तोच विषाणू सोडला गेला.

बातम्यांत सगळा भर लंडनवर होता, आणि ते साहजिकच आहे. मला मात्र आधीचा भाग जास्त ओढतो. चिखलात जिवाणू, बुरशा, किडे, कुजका पाला असं सगळं कोंबलेलं असतं. त्यातून साध्या सूक्ष्मदर्शकालाही न दिसणारा एकच विषाणू वेगळा कसा काढतात? आणि काढल्यावर ‘हा कोण, कुठला’ हे कसं ठरवतात?

आधी ओळख करून घेऊ. जिवाणूंवर जगणाऱ्या विषाणूंना बॅक्टेरियोफाज म्हणतात, लाडानं नुसतं ‘फाज’. माणसाच्या, झाडाच्या, गाईच्या पेशीशी त्यांना काही देणंघेणं नसतं. फाज जिवाणूच्या अंगावर बसतो, आपला डीएनए आत ढकलतो आणि त्या जिवाणूलाच आपल्या प्रती काढायला लावतो. थोड्या वेळानं जिवाणू फुटतो आणि डझनांनी नवे फाज बाहेर पडतात. पृथ्वीवर एकूण फाज किती, याचा नेहमी दिला जाणारा अंदाज म्हणजे एकावर एकतीस शून्यं. सगळ्या जिवाणूंची बेरीज केली तरी फाज त्यांच्यापेक्षा जास्त भरतील. तुमच्या कुंडीतल्या चमचाभर मातीतही ते आहेत. दुग्धशाळेतल्या लोकांना हे वेगळं सांगावं लागत नाही. विरजणाच्या टाकीत फाज शिरला की जिवाणू मरतात आणि दूध तसंच राहतं.

इथे कुणीतरी गंगेचा विषय काढणारच, म्हणून आत्ताच बोलून टाकते. अर्नेस्ट हॅन्किन नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञानं आग्र्यात काम करताना १८९६ मध्ये लिहून ठेवलं होतं की, गंगा आणि यमुनेच्या पाण्यात पटकीचे जिवाणू मरतात, पण तेच पाणी उकळलं की हा गुण जातो. नेमकं काय मारतंय हे त्याला कळलं नव्हतं. तो परिणाम फाजचा असावा हा तर्क नंतरचा. पुढे १९१५ मध्ये लंडनला फ्रेडरिक ट्वॉर्टनं आणि १९१७ मध्ये पॅरिसला फेलिक्स दॅरेलनं फाजचा शोध स्वतंत्रपणे मांडला. ‘बॅक्टेरियोफाज’ हा शब्द दॅरेलचा. तेव्हा ‘गंगेच्या पाण्यात सापडणारा चमत्कारी विषाणू’ असा संदेश मोबाइलवर आला तर एवढंच लक्षात ठेवा: जिथे जिवाणू भरपूर, तिथे त्यांना खाणारे फाजही भरपूर. मैलापाणी मिसळलेल्या कुठल्याही नदीत ते मिळतात. त्यात कौतुक करावं असं आहे, पण ते नदीच्या स्वच्छतेचं प्रमाणपत्र नाही.

आता चिखलाकडे. फाज शोधायला निघताना पहिला प्रश्न माती कुठली हा नसतो, जिवाणू कुठला हा असतो. फाज अतिशय निवडक असतो. एका जातीचा जिवाणू मारणारा फाज शेजारच्या जातीकडे ढुंकूनही बघत नाही. कित्येकदा एकाच जातीचा एक वाण मारतो आणि दुसरा सोडून देतो. म्हणजे ‘मातीतला विषाणू शोधला’ या वाक्याचा खरा अर्थ ‘अमुक जिवाणू मारणारा मातीतला विषाणू शोधला’ असा असतो. मडीच्या बाबतीत हा जिवाणू होता मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिस. तो क्षयाच्या जिवाणूचा चुलतभाऊ, पण निरुपद्रवी. क्षयाच्या जिवाणूची संख्या दुप्पट व्हायला जवळजवळ एक दिवस लागतो आणि त्याच्यासोबत काम करायला कडेकोट प्रयोगशाळा लागते. स्मेग्मॅटिस तीनेक तासांत दुप्पट होतो आणि पदवीच्या पहिल्या वर्षातल्या मुलांच्या हाती निर्धास्त देता येतो.

पहिल्या वर्षातली मुलं हा शब्दप्रयोग मी हवेत केलेला नाही. पिट्सबर्ग विद्यापीठातले ग्रॅहॅम हॅटफुल अनेक वर्षं विद्यार्थ्यांकडून फाज शोधून घेत आहेत, आणि २००८ पासून हॉवर्ड ह्यूज मेडिकल इन्स्टिट्यूटच्या मदतीनं ‘सी-फाजेस’ नावाचा कार्यक्रम अमेरिकेतल्या कितीतरी महाविद्यालयांत चालतो. बारावी होऊन नुकतंच आलेलं पोर स्वतः खणलेल्या मातीतून एक फाज काढतं, त्याला नाव देतं, त्याच्या जीनांचा नकाशा बनवतं. त्याआधी जगात कुणीही तो फाज पाहिलेला नसतो. प्रयोगवहीत उत्तर आधी लिहून मग निरीक्षणं बसवण्यात आमची जी वर्षं गेली, ती आठवली की या मुलांचा हेवा वाटतो.

माती ओलसर, काळी, कुजत्या पाल्याची असेल तर बरी. उन्हात भाजून निघालेल्या कोरड्या ढेकळातून सहसा फारसं हाती लागत नाही. खत-खड्डा उत्तम, आणि सडकं वांगं म्हणजे तर छोटा खत-खड्डाच. माती घेतानाच अक्षांश-रेखांश, तारीख, तापमान, किती खोलीवरून घेतली हे सगळं टिपायचं. हे कंटाळवाणं वाटतं, पण याच नोंदींवरून पुढे कुणालातरी ‘असे फाज कुठल्या मुलखात मिळतात’ हे तपासता येतं.

मातीत हवा तो फाज असला तरी थोडा असतो. म्हणून त्याला आधी वाढवायचं. विरजणाचीच रीत: एक चमचा दही पातेलंभर दुधाला पुरतं, कारण रात्रभरात ते वाढतं. इथे माती आणि पोषकद्रव एकत्र करून त्यात स्मेग्मॅटिस सोडतात आणि ते ३७ अंशांवर एक-दोन दिवस हलवत ठेवतात. स्मेग्मॅटिसवर पोसणारा फाज असेल तर त्याची चंगळ होते. बाकीच्या फाजांना तिथे खायला काहीच नसतं. द्रवात थोडं कॅल्शियम घालतात, कारण कित्येक फाजांना जिवाणूला चिकटायला ते लागतं. यात एक गंमत आहे. मायकोबॅक्टेरिया म्हणजे स्मेग्मॅटिस आणि क्षयाचा जिवाणू ज्या कुळातले ते; त्यांच्या अंगावर मेणासारखं आवरण असतं, त्यामुळे ते द्रवात गठ्ठे करून राहतात. ते सुटे व्हावेत म्हणून एरवी साबणाच्या जातीचं ‘ट्वीन’ नावाचं द्रव्य घालतात. पण फाजशी गाठ घालायची असेल तेव्हा तेच ट्वीन आडवं येतं आणि फाजला जिवाणूवर बसू देत नाही. म्हणून आधी ट्वीनमध्ये वाढवायचं आणि मग ट्वीनशिवायच्या द्रवात पुन्हा वाढवायचं. हे विसरलं की माती कितीही चांगली असो, हाती भोपळा.

मग हा गढूळ काढा यंत्रात गरागरा फिरवून गाळ खाली बसवायचा आणि वरचं पाणी गाळायचं. गाळणीची छिद्रं ०.२२ मायक्रॉनची; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. जिवाणू एक-दोन मायक्रॉनचे, ते वर अडकतात. फाजचं डोकं त्या छिद्राच्या साधारण पाव आकाराचं, तो खुशाल पार होतो. खाली जमलेलं पाणी नितळ दिसतं. फाज त्यात आहे की नाही हे नुसतं बघून ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

इथून पुढची युक्ती शंभर वर्षं जुनी आहे आणि अजून तिला तोड नाही. फाज दिसत नसेल तर त्यानं केलेली नासधूस बघायची. बशीत आगर घट्ट बसवलेलं असतं. आगर म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातलं चायना ग्रासच. त्याच्यावर आणखी एक पातळ थर ओतायचा: पातळ आगर, त्यात कोट्यवधी जिवाणू आणि गाळलेल्या पाण्याचे काही थेंब. हा थर ओतताना हात चटचट चालावा लागतो. आगर फार गरम असेल तर जिवाणू मरतात, निवलं तर लापशीसारख्या गुठळ्या होतात. नळी दोन हातांत फिरवायची, बशीत ओतायची, बशी टेबलावर आठाच्या आकड्यात हलकेच सरकवायची आणि गोठेपर्यंत हात लावायचा नाही. मग दोनेक दिवस ३७ अंशांवर.

जिवाणू वाढले की बशीवर दुधट साय धरल्यासारखा सलग थर दिसतो. जिथे एखादा फाज पडला असेल तिथे तो एक जिवाणू फोडतो, त्यातून निघालेले शेजारच्यांना फोडतात, ते पुढच्यांना. साय त्या जागी विरते आणि गोल पारदर्शक डाग पडतो. याला ‘प्लाक’ म्हणतात. डागात लाखो फाज असतात, पण आपल्याला दिसते ती फक्त मेलेल्या जिवाणूंची रिकामी जागा. डाग अख्खी बशी का गिळत नाही? कारण फाजला वाढता जिवाणू लागतो. थर दाट होऊन जिवाणूंची वाढ थांबली की फाजचाही पसारा थांबतो.

एम.एस्सी.ला असताना मी हे नाल्याच्या पाण्यावर आणि ई. कोलाय जिवाणूवर केलं होतं. पहिल्या बशीत अकरा सुरेख गोल डाग आले. मी अख्ख्या वर्गाला बोलावून दाखवले. आमच्या प्रयोगशाळेतल्या मामांनी बशी तिरकी करून उजेडात धरली आणि म्हणाले, “ताई, हे बुडबुडे आहेत.” आगर जोरात ओतलं की हवा अडकते आणि बुडबुडा फुटून हुबेहूब डागासारखा खळगा राहतो. खात्री करायची पद्धत सोपी आहे: डागाला टोक टेकवायचं, ते द्रवात बुडवायचं आणि तो द्रव नव्या बशीवर लावायचा. खरा डाग पुन्हा डाग देतो. बुडबुड्यातून काहीच येत नाही. माझ्या अकरांपैकी एकानंही दिलं नाही.

डाग खरा असला तरी तो बघायला शिकावं लागतं. काही डाग काचेसारखे स्वच्छ असतात, काही धुरकट, काहींच्या मधोमध ठिपका असतो, नेमबाजीच्या लक्ष्यासारखा. स्वच्छ डागाचा अर्थ बहुधा असा की हा फाज गाठेल त्या जिवाणूला मारतोच. धुरकट डागात काही जिवाणू वाचलेले असतात, आणि ते का वाचले यात फाजच्या स्वभावाची मोठी गोष्ट आहे. काही फाज जिवाणूत शिरले की लगेच मारत नाहीत. ते आपला डीएनए जिवाणूच्या डीएनएत गुंफून टाकतात आणि गप्प बसतात. स्वतःचे मारक जीन एका प्रथिनानं दाबून ठेवतात. त्याला ‘रिप्रेसर’ म्हणतात. जिवाणू वाढतो, दुभंगतो, आणि प्रत्येक पिल्लासोबत फाजही फुकटात वाढतो. वर असा जिवाणू त्याच जातीच्या दुसऱ्या फाजलाही दाद देत नाही, कारण आतला रिप्रेसर आलेल्या नव्या डीएनएलाही गप्प करतो. घरात आधीच बसलेला भाडेकरू दुसऱ्याला आत येऊ देत नाही, तसं काहीसं. हा सुप्त राहणारा आणि तो थेट मारणारा, हा फरक लक्षात ठेवा, लंडनमध्ये लागणार आहे.

एकाच बशीत लहान, मोठे, स्वच्छ, धुरकट असे सगळे डाग दिसले तर समजायचं की चिखलातून एकापेक्षा जास्त फाज आलेत. आता निवड. एक डाग टिपायचा, द्रवात मिसळायचा, त्याचा एक भाग नऊ भाग द्रवात टाकून दहापट पातळ करायचा, त्यातला एक भाग पुन्हा नऊ भागांत, पुन्हा, पुन्हा. प्रत्येक वेळी पिपेटचं टोक बदलायचं. मग प्रत्येक पातळीची एक बशी ओतायची. कुठल्या तरी बशीत डाग एकमेकांपासून सुटे पडतात. त्यातला एक टिपून हेच सगळं पुन्हा. निदान तीन फेऱ्या तरी कराव्या लागतात, आणि प्रत्येक फेरीत दोन-दोन दिवस वाट बघणं आलं. तांदूळ निवडताना एकदा खडे काढून भागत नाही, तसंच. एक डाग एका फाजपासून होतो हे खरं, पण शेजारच्या डागातले काही फाज आगरमधून पाझरत येऊन त्यात मिसळलेले असू शकतात. सगळे डाग एकसारखे यायला लागले की मग म्हणायचं, हाती एकच फाज आहे. घाई करणाऱ्यांना याची शिक्षा काही महिन्यांनी मिळते: डीएनएचा क्रम वाचून येतो आणि त्यात दोन फाजांची खिचडी निघते.

मग मोजदाद. समजा दहा लाख पट पातळ केलेल्या द्रवाचे १० मायक्रोलिटर बशीवर टाकले आणि ४३ डाग आले. १० मायक्रोलिटर म्हणजे एका मिलिलिटरचा शंभरावा भाग. म्हणजे ४३ ला शंभरानं गुणायचं, मग दहा लाखांनी. मूळ द्रवाच्या एका मिलिलिटरमध्ये ४ अब्ज ३० कोटी फाज. न दिसणारी गोष्ट पहिलीतल्या पोरासारखी बोटानं डाग मोजून अब्जांपर्यंत मोजता येते, याचं मला आजही नवल वाटतं.

पुढच्या कामांना असा दाट साठा लागतो. तो करायची खूण स्वयंपाक येणाऱ्याला लगेच कळेल. फाजचं प्रमाण असं साधायचं की डाग एकमेकांना जवळजवळ भिडावेत आणि मध्ये जिवाणूंच्या फक्त बारीक रेषा उराव्यात. घावनाला जाळी पडते ना, तशी बशी दिसायला हवी. जाळी दाट असेल तर फाज कमी, आणि बशी पूर्ण स्वच्छ झाली असेल तर जिवाणू लवकर संपल्यामुळे फाजची पूर्ण पैदास झालेली नसते. जाळीदार बशीवर द्रव ओतून काही तास ठेवायचा. फाज त्यात उतरतात. तो द्रव गाळून घेतला की साठा तयार.

इथवर ‘शोधणं’ झालं. ओळख पटवणं ही वेगळी कसरत.

चेहरा बघायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. फाजचा थेंब इवल्या जाळीवर ठेवून युरेनियमच्या क्षारानं रंगवतात. भोवतालचा भाग काळवंडतो आणि फाज उजळ दिसतो. स्मेग्मॅटिसवरचे बहुतेक फाज एकाच ठशाचे: बहुकोनी डोकं आणि त्याला लांब, लवचीक शेपूट, तुरटीच्या खड्याला दोरा बांधल्यासारखी. डोक्यात डीएनए ठासून भरलेला, शेपटी जिवाणूला चिकटायला आणि डीएनए आत सोडायला. पाठ्यपुस्तकातून शिकणाऱ्यांसाठी एक सूचना: शेपटीच्या प्रकारावरून पाडलेली सायफोव्हिरिडी, मायोव्हिरिडी, पोडोव्हिरिडी ही तीन घराणी २०२२ मध्ये अधिकृत वर्गीकरणातून काढून टाकली गेली. रूप सारखं असलं तरी रक्ताचं नातं असेलच असं नाही, हे डीएनएनं दाखवून दिलं होतं.

डीएनए काढताना क्रम महत्त्वाचा. साठ्यात फुटलेल्या जिवाणूंचा डीएनएही तरंगत असतो. म्हणून आधी डीएनए कुरतडणारी विकरं घालायची. ती बाहेरचा सगळा डीएनए फस्त करतात, पण फाजचा डीएनए डोक्याच्या पेटीत सुरक्षित राहतो. मग विकरं निकामी करायची आणि त्यानंतरच पेटी फोडायची. उलट केलं तर सगळंच गेलं. पूर्वी या डीएनएचे विशिष्ट जागी तुकडे करून, जेलवर पट्ट्यांचा नमुना बघून, कोण कुणासारखा ते ठरवत. आता सरळ पूर्ण क्रम वाचून आणतात. मडीचा क्रम भरतो सुमारे ४८ हजार अक्षरांचा. माणसाच्या तीन अब्जांपुढे हे काहीच नाही.

पण या ४८ हजार अक्षरांत विरामचिन्हं नसतात. ए, टी, जी, सी अशी चारच अक्षरं, सलग. जीन कुठे सुरू होतो, कुठे संपतो, हे आपण शोधायचं. पेशी तीन-तीन अक्षरं एकत्र वाचते. समजा वाक्य आहे ‘मदनफणससहजउचल’. पहिल्या अक्षरापासून तीन-तीन वाचलं तर ‘मदन फणस सहज उचल’. एक अक्षर पुढून सुरू केलं की ‘दनफ णसस हजउ’, काही अर्थ नाही. एका दिशेनं अशा तीन चौकटी, समोरच्या धाग्यावर उलट्या दिशेनं आणखी तीन. या सहा चौकटींत ‘इथून सुरू’ आणि ‘इथे थांब’ अशी खूण करणारे त्रिक शोधत जायचं. थांब्याच्या खुणा पक्क्या असतात. सुरुवातीच्या मात्र फसव्या: सहसा एटीजी, पण जीटीजीही चालतं, क्वचित टीटीजी. त्यामुळे एकाच जीनला चार-पाच सुरुवाती शक्य दिसतात. संगणक एक सुचवतो, पण शेवटी माणसालाच बसून ठरवावं लागतं. इथे मुलं हमरीतुमरीवर येतात.

फाजची काटकसर तर मारवाड्याच्या वहीसारखी. बहुतेक ठिकाणी एक जीन संपतो न संपतो तोच दुसरा सुरू. कित्येकदा ‘एटीजीए’ या चारच अक्षरांत पुढच्याची सुरुवात आणि मागच्याचा थांबा दोन्ही असतात: एटीजी म्हणजे सुरू, टीजीए म्हणजे थांब. शेपटीच्या बांधकामात मदत करणाऱ्या दोन प्रथिनांची तऱ्हा याहून न्यारी. वाचता वाचता पेशीचं यंत्र एका ठरावीक जागी कधी कधी एक अक्षर मागे घसरतं आणि तिथून दुसऱ्याच चौकटीत वाचत जातं. घसरलं नाही तर आखूड प्रथिन, घसरलं तर लांब. फाजला दोन्ही हवी असतात, ठरावीक प्रमाणात. चूक वाटते, पण ती नेमून दिलेली आहे.

जीनांच्या नकाशात सगळ्यात लांब जीन डोळ्यांत भरतो. त्याला ‘टेप मेझर’ म्हणतात, शिंप्याच्या गळ्यातली मापाची टेप. त्यापासून बनणारं लांबलचक प्रथिन शेपटी बांधताना आतून मापपट्टीचं काम करतं. जीन जितका लांब, तितकी शेपटी लांब. म्हणजे सूक्ष्मदर्शकाच्या चित्रातली शेपटी आणि नकाशातला जीन एकमेकांशी ताडून बघता येतात. आणखी एक खास जीन ‘लायसिन बी’चा. मायकोबॅक्टेरियाचं मेणचट आवरण आतल्या भिंतीशी ज्या बंधानं जोडलेलं असतं, तो बंध हे प्रथिन तोडतं. भिंत पाडणारं ‘लायसिन ए’ पुष्कळ फाजांकडे असतं, पण या मेणाच्या कुळाशी गाठ असणाऱ्यांना हे दुसरंही हत्यार बाळगावं लागतं.

नात्यागोत्याचा निकाल जीनांवरूनच लागतो. निदान ३५ टक्के जीन सामायिक असतील तर दोन फाज एका गटात. गटांना अक्षरं दिलेली आहेत. मडीचा गट ‘एबी’. ज्याचं कुणाशीच जमत नाही तो एकांडा. मुलांना आपला फाज एकांडा निघावा अशी फार हौस असते. नाव ठेवण्याची हौस तर त्याहून मोठी, आणि एकदा ठेवलं की मग नावं ठेवायची सोय नाही, ते कायमचं.

आता लंडन. मुलगी १५ वर्षांची. सिस्टिक फायब्रोसिस हा जन्मजात आजार. दोन्ही फुप्फुसं बदललेली, आणि अंगात मायकोबॅक्टेरियम अ‍ॅब्सेसस नावाचा जिवाणू पसरलेला. हासुद्धा क्षयाच्या कुळातला, आणि प्रतिजैविकांना दाद न देण्याबद्दल कुप्रसिद्ध. शस्त्रक्रियेची जखम भरत नव्हती, त्वचेवर गाठी येत होत्या. डॉक्टरांनी तिच्या अंगातला जिवाणू हॅटफुल यांच्याकडे पाठवला. तिथे साठ्यातले फाज त्याच्यावर लावून बघितले गेले. अडचण अशी की हे सगळे स्मेग्मॅटिसवर सापडलेले, आणि फाज किती निवडक असतो ते वर आलंच आहे. हा जिवाणू नीट मारणारा एकच निघाला: मडी.

एकच फाज देणं धोक्याचं, कारण जिवाणू त्याला चुकवायला शिकू शकतो. आणखी दोन फाज कामाचे वाटत होते, ‘झोईजे’ आणि ‘बीपीएस’. पण ते धुरकट डागवाले, म्हणजे सुप्त राहणारे. मारायला पाठवलेला फाज जिवाणूत बिऱ्हाड करून बसला तर काय उपयोग? म्हणून त्या दोघांतला रिप्रेसरचा जीन उडवला गेला. बीपीएसचा या जिवाणूवर जास्त चांगला चालणारा प्रकारही निवडून घेतला. मडीला हात लावावा लागला नाही. त्याच्याकडे लपून बसायची सोयच नव्हती. जून २०१८ पासून तिघांचं मिश्रण, प्रत्येकाचे एक अब्ज फाज, दिवसातून दोनदा शिरेतून. पुढच्या सहा महिन्यांत जखम भरत आली, यकृत सुधारलं, गाठी बहुतेक विरल्या. २०१९ च्या मे महिन्यात हे ‘नेचर मेडिसिन’मध्ये छापून आलं.

लगेच ‘प्रतिजैविकांचे दिवस संपले’ म्हणणाऱ्यांसाठी पुढचंही सांगायला हवं. २०२२ मध्ये याच चमूनं अशा २० रुग्णांचा हिशेब मांडला. ११ जणांना फायदा दिसला. फाजमुळे कुणाला अपाय झाल्याचं आढळलं नाही. पण काहींच्या शरीरानं फाजविरुद्धच प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडी, तयार केली. ८१ वर्षांच्या एका रुग्णाला सुरुवातीला गुण आला आणि दोनेक महिन्यांत प्रतिपिंडांनी उपचार निष्फळ केला. शिवाय अ‍ॅब्सेससचे दोन प्रकार असतात, खडबडीत वसाहती करणारे आणि गुळगुळीत. खडबडीतांसाठी बऱ्याचदा एखादा फाज सापडतो. गुळगुळीतांना आजवरच्या साठ्यातला फाज क्वचितच मारतो. प्रत्येक रुग्णाच्या जिवाणूवर पुन्हा नव्यानं डाग शोधायचे, हे तर आहेच.

आणि मडी जिवाणूला नेमका धरतो कुठे? हे कळायला २०२३ साल उजाडलं. मायकोबॅक्टेरियाच्या मेणचट आवरणात ट्रेहॅलोज पॉलिफ्लिएट नावाचे मोठाले स्निग्ध रेणू असतात. ते बनवणारे जीन बिघडलेल्या जिवाणूवर मडी टाकला तर तो शिरू शकत नाही. बीपीएसचंही तेच. म्हणजे मिश्रणातले दोघे एकाच गोष्टीवर अवलंबून आहेत, आणि जिवाणूनं तेवढे रेणू बनवणं सोडलं तर दोघांनाही एकदम चुकवू शकतो. लंडनला औषध जुळवताना हे कुणालाच ठाऊक नव्हतं. अशा फाजांच्या नकाशात बहुसंख्य जीनांपुढे आजही दोनच शब्द लिहिलेले असतात: कार्य अज्ञात.